माग एकच, जाती दोन : मोहाडीच्या विणकामाचा वारसा

(१)

‘सांस्कृतिक वारसा’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. सरकारी पत्रकांत तो असतो, महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात असतो, साड्यांच्या प्रदर्शनातही असतो. शब्द जेवढा जास्त वापरला जातो तेवढा त्याचा अर्थ तपासून घेण्याची गरज वाढते. वारसा याचा व्यवहारातला अर्थ अगदी सरळ आहे. बापाने ठेवले आणि मुलाला मिळाले, ते वारसा. पण ज्यांच्या बापांना ठेवण्यासारखे काही मिळूच दिले गेले नाही त्यांच्या वारशाचे काय? ज्यांनी निर्माण केले पण ज्यांच्या नावावर ते चढले नाही, त्यांचे काय? आणि जो वारसा म्हणजे केवळ गळ्यातले ओझे होते, तो जपायचा की फेकायचा? हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. वारशाविषयी बोलणारी मंडळी त्यांची सरमिसळ करतात आणि त्या सरमिसळीचा फायदा नेहमी एकाच बाजूला होतो.

मी भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात इतिहास शिकवतो. या तालुक्याच्या वारशाची यादी करायला सांगितली तर माझे विद्यार्थी न अडखळता सांगतात : आंधळगावचा कोसा, मोहाडीची चौंडेश्वरी, गावोगावची दंडार आणि खडी गंमत, मालगुजारांनी बांधलेले तलाव. यादी खोटी नाही. कोशाचे कापड विणणारे कोष्टी येथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि चौंडेश्वरी हे देवांग कोष्ट्यांचे दैवत आहे. दंडार ही झाडीपट्टीची खरीखुरी लोककला आहे. पण या यादीत एक माणूस नाही. त्याच्या घरातही माग होता. त्याच्या हातातही धोटा होता. त्याने विणलेले कापड येथील नांगऱ्याने, रोवणाऱ्या बाईने आणि गुराख्याने अंगावर घातले. तो विणकर महार होता, आणि म्हणून तो विणकर म्हणून कोणाच्या आठवणीत राहिला नाही.

या लेखात त्याचा माग शोधायचा आहे. त्याच्या मागासाठी अश्रू ढाळणे हा हेतू नाही. वारसा ठरवतो कोण, हे त्या मागावरून स्पष्ट दिसते, म्हणून.

(२)

रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. साहेबाच्या चष्म्यातून लिहिलेला हा ग्रंथ आहे आणि तो वाचताना अनेक ठिकाणी संताप येतो. तरी त्यातील दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात अशा आहेत. १९११ च्या जनगणनेच्या आधारे तो सांगतो की मध्य प्रांत आणि वऱ्हाडात महारांची संख्या बारा लाखांच्या जवळपास होती आणि मध्य प्रांतात त्यांची सर्वाधिक वस्ती नागपूर, भंडारा, चांदा आणि वर्धा या जिल्ह्यांत होती. त्यांच्या व्यवसायांत गावकामगारी, राखणदारी आणि मजुरीबरोबर जाडेभरडे कापड विणणे हाही व्यवसाय तो नोंदवतो. त्याच ग्रंथात कोष्ट्यांची नोंद रेशमी आणि तलम सुती कापड विणणारी जात अशी आहे.

म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन विणकर होते. एक तलम विणणारा, दुसरा जाडेभरडे विणणारा. दोघांचे माग जमिनीत खड्डा करून बसवलेले. दोघेही खड्ड्याच्या काठावर बसून पाय पावड्यांवर ठेवत, एका हाताने धोटा फेकत आणि दुसऱ्या हाताने फणी ठोकत. दोघांच्याही घरी बायका कांड्या भरत, ताणा पसरायला मदत करत, सुताला खळ लावत. काम तेच, हत्यार तेच, अंगाची मोडतोडही तीच. पण एकाचे घर गावात आणि दुसऱ्याचे गावाबाहेर. एकाला विहिरीचे पाणी, दुसऱ्याला नाही.

जातीचे समर्थन करणारे एक शहाजोग उत्तर नेहमी देतात. ते म्हणतात, जात म्हणजे धंद्याची वाटणी. घाणेरडा धंदा करणारा अस्पृश्य ठरला, एवढेच. हे उत्तर मागाच्या खड्ड्यात पाय टाकताच कोलमडते. कापड विणणे हा घाणेरडा धंदा नव्हे. तो घाणेरडा असता तर कोष्टीही अस्पृश्य ठरला असता. महार विणतो म्हणून अस्पृश्य नव्हता, तो मेलेले ढोर ओढतो म्हणून होता, असे कोणी म्हणेल. मग जो महार फक्त विणत होता आणि ढोर ओढत नव्हता, त्याचा स्पर्श चालत होता का? नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या प्रबंधात मांडले की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. त्याचा पुरावा शोधायला आपल्याला दूर जायला नको. आपल्या तालुक्यातील दोन मागांमध्ये तो आहे.

कोशाच्या बाबतीत तर हा विरोधाभास आणखी तीव्र होतो. कोशाचा किडा जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतो. भंडारा-गडचिरोली भागात ढिवर समाजाची माणसे रात्रंदिवस पाखरांपासून, मुंग्यांपासून या किड्यांची राखण करतात. पुढे कोश उकळले जातात. आतला जीव मरतो. मग बायका आपल्या उघड्या मांडीवर धागा वळून काढतात. वर्षानुवर्षे वळून मांडीची कातडी घासून निघते. त्यानंतर कोष्टी ते विणतो आणि शेवटी व्यापारी विकतो. जिवंत किडा उकळून, बाईच्या मांडीवर वळून, अशा अनेक हातांतून गेलेले हे वस्त्र पूजेला बसताना ‘सोवळे’ ठरते. आणि शेतात उगवलेल्या कापसाचे, कोणताही जीव न मारता विणलेले महाराचे कापड? ते विकत घेताना त्यावर पाणी शिंपडावे असे गावाला वाटत असे. शुद्ध-अशुद्धतेच्या कल्पना वस्तूत नसतात, वस्तू बनवणाऱ्याच्या जातीत असतात, हे याहून अधिक स्पष्टपणे कोणी सांगावे?

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कोष्टी आपला शत्रू नाही. तोही व्यापाऱ्याच्या उचलीत बुडालेला, छाती पोखरून घेतलेला, साडी विणूनही आपल्या बायकोला ती नेसवू न शकणारा कारागीर आहे. त्याच्या हातातील कौशल्य खरे आहे. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेला काठ विणण्यासाठी तीन धोटे एकाच वेळी सांभाळावे लागतात. ते सोपे नाही. प्रश्न त्याच्या कौशल्याचा नाही. एकाच शोषणाखाली दबलेल्या दोन विणकरांना व्यवस्थेने वरचा आणि खालचा करून ठेवले, आणि दोघे कधी एकत्र बसून सुताचा भाव विचारू शकले नाहीत, हा प्रश्न आहे.

(३)

जाडेभरड्या कापडाचा माग बंद कसा पडला? ‘इंग्रजांनी आमचा हातमाग मारला’ हे उत्तर शाळेच्या पुस्तकात असते. ते अर्धे खरे आहे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. तिने येथील कापूस नेला आणि परतताना विलायती सूत व कापड आणले. घरोघरचे सूतकताईचे काम बसले. विलायती कापडाने आधी तलम मालावर घाला घातला. जाडेभरडे कापड मात्र टिकून राहिले, कारण ते टिकाऊ होते. चिखलात रोवणी करणाऱ्याला, जंगलात लाकूड तोडणाऱ्याला विलायती मलमल काय कामाची? गरिबाच्या अंगावर गरिबाने विणलेलेच कापड राहिले.

त्याच्यावर खरा घाव घातला तो देशी गिरण्यांनी. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. देशी गिरण्यांचा सुरुवातीचा मुख्य माल जाड सूत आणि जाड कापड हाच होता. म्हणजे नेमका महार विणकराचा बाजार. त्यात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळले. दुष्काळात माणूस आधी नवे कापड घेणे थांबवतो आणि मग जेवण कमी करतो. त्यामुळे विणकर शेतमजुराच्याही आधी उपाशी पडतो. तलम आणि रेशमी माल करणाऱ्याला निदान लग्नकार्याचा आणि देवाधर्माचा आधार होता. सोवळे गिरणीत तयार होत नव्हते. जाडेभरड्या कापडाला असा कोणताच आधार नव्हता. म्हणून आज आंधळगावात माग आहे आणि आमच्या मोहल्ल्यात नाही. एकाचे टिकणे हे संस्कृतीचे प्रेम आणि दुसऱ्याचे मरणे हा नशिबाचा खेळ, असे काही नाही. दोन्हींच्या मागे बाजार आहे आणि बाजाराच्या मागे जात आहे.

माग मोडल्यावर विणकर गिरणीत गेला. नागपूरच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार मोठ्या संख्येने होते. विणण्याचे काम पिढीजात येणाऱ्या माणसाला गिरणीत माग मिळायला हवा होता. पण मुंबईच्या गिरण्यांत काय घडत होते ते पाहा. धोट्यात नवी कांडी भरली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून छिद्रातून काढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आपण कसा तोंडाला लावायचा, असे म्हणून सवर्ण कामगारांनी विणकाम खात्यात अस्पृश्यांना येऊ दिले नाही. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती, हे येथे विसरता कामा नये. अस्पृश्य कामगार कमी मजुरीच्या सूतकताई खात्यात राहिले. १९२८ च्या मुंबईतील मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करा, अशी मागणी केली. कामगारांच्या एकजुटीची भाषा करणाऱ्यांना एक धोटा ओलांडता आला नाही, हा या देशातील कामगार चळवळीचा मोठा धडा आहे.

त्याच सुमारास एक वेगळीच गोष्ट घडत होती. १९२० नंतर जाडेभरडे कापड एकाएकी पवित्र झाले. ते राष्ट्राचे वस्त्र झाले, त्याला खादी म्हणू लागले, मोठमोठे वकील ते मिरवू लागले. कापडाची अस्पृश्यता गेली. विणणाऱ्याची गेली का? ज्या सुताला देशभक्तीचा मान मिळाला त्या सुतावर कित्येक पिढ्या पोट भरणाऱ्यांना मंदिराच्या पायरीवर उभे राहायलाही सत्याग्रह करावा लागला.

माझ्या आजीच्या सांगण्यात आमच्या घरच्या मागाचा उल्लेख येई. तिच्या सासऱ्याचा माग होता. ती लग्न होऊन आली तेव्हा खड्डा उरला होता, माग नव्हता. पावसाळ्यात त्यात पाणी साचे म्हणून तो मुरूम टाकून बुजवला. त्या जागेवर बसून ती विड्या वळत असे. मांडीवर सूप, सुपात तेंदूपाने आणि तंबाखू. या भागातील कितीतरी घरांची हीच कहाणी आहे : मागाची जागा विडीच्या सुपाने घेतली. विडी कामगारांना संघटित करण्याचे काम या भागात कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी केले. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९०४ साली जन्मलेला हा कार्यकर्ता १९३७ साली मध्य प्रांताच्या विधानसभेवर निवडून गेला आणि १९३९ साली, वयाच्या पस्तिशीच्या आसपास, क्षयाने गेला. विडी कामगारांसाठीचा स्वतंत्र कायदा व्हायला पुढे १९६६ साल उजाडावे लागले. हाही आमचा वारसा आहे. पण वारशाच्या यादीत विडीचे सूप कोणी लिहीत नाही.

(४)

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. वारशातील काय टाकायचे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजाने कृतीने दिले आहे. १९२७ साली महाडच्या परिषदेपासून मेलेली जनावरे ओढू नका, शिळे मागू नका, हा संदेश गावोगाव गेला. विदर्भात किसन फागुजी बनसोडे यांच्यासारख्यांनी त्याआधीपासून शाळा, वृत्तपत्रे आणि सभा यांतून जमीन तयार केली होती. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडारा मतदारसंघाने बाबासाहेबांचा पराभव पाहिला. त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, याच जिल्ह्यातील माणसे पायी, बैलगाडीने, रेल्वेने नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन परतली. परत आल्यावर त्यांनी घरातील देव काढले. मरीआईचा गाडा ओढणे सोडले. जत्रेचा मान सोडला. हा ‘मान’ शब्दही तपासण्यासारखा आहे. रेड्याच्या बळीच्या वेळी महाराला मान होता, होळीला लाकूड देण्याचा मान होता, मेल्याची वार्ता परगावी नेण्याचा मान होता. जेथे जेथे गावाला हलके काम करून घ्यायचे होते तेथे तेथे त्याला ‘मान’ म्हटले गेले.

तेव्हा काही विद्वानांनी हळहळ व्यक्त केली, आजही करतात. या लोकांनी आपल्या परंपरा सोडल्या, लोककला सोडल्या, त्यांची मुळे तुटली, असे त्यांचे म्हणणे असते. त्यांना एकच विचारावे : ज्या मुळांना पाणी मिळत नव्हते ती मुळे कशासाठी सांभाळायची? आणि मुळांचाच हट्ट असेल तर मुळेही सापडली आहेत. भंडारा जिल्ह्यातच, वैनगंगेच्या काठी पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व विभाग यांनी उत्खनन केले. इसवी सनापूर्वीच्या काळातील मोठे स्तूप तेथे उघडे झाले. कठड्याच्या स्तंभांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत आणि बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्प नावासह आहे. हे सापडले धर्मांतरानंतर तेरा वर्षांनी. स्तूप पाहून लोक बौद्ध झाले नाहीत. समता हवी म्हणून ते बौद्ध झाले, आणि मग जमिनीनेही साक्ष दिली. क्रम महत्त्वाचा आहे. वारसा म्हणजे मागून आलेली गोष्ट, असे आपण समजतो. पण कोणत्या मागच्या गोष्टीला आपली म्हणायचे हे आजचा माणूस ठरवतो.

(५)

हा प्रश्न फक्त आपला नाही. युरोपच्या दक्षिणेला, ग्रीसच्या शेजारी अल्बानिया नावाचा लहानसा देश आहे. लोकसंख्या सुमारे २४ लाख, म्हणजे आपल्या एखाद-दोन जिल्ह्यांएवढी. आपल्याकडे मदर तेरेसा सर्वांना ठाऊक आहेत; १९१० साली स्कोप्ये शहरात जन्मलेल्या तेरेसा मूळच्या अल्बानियन. या लोकांवर चारशेहून अधिक वर्षे तुर्कांचे राज्य होते. त्यांच्या भाषेला एक ठरलेली लिपी नव्हती. कोणी अरबी, कोणी ग्रीक, कोणी लॅटिन अक्षरांत लिहीत असे. १९०८ साली मनास्तीर येथे त्यांची परिषद भरली, वेगवेगळ्या धर्मांचे लोक एकत्र बसले आणि त्यांनी लॅटिनवर आधारलेली वर्णमाला नक्की केली. चार वर्षांनी, १९१२ साली, देश स्वतंत्र झाला. आधी अक्षर, मग स्वातंत्र्य : हा क्रम शिक्षणाला शस्त्र मानणाऱ्या आपल्या चळवळीला परका वाटू नये.

या लोकांच्या डोंगराळ भागात शतकानुशतके एक तोंडी कायदा चालत आला. त्याला ‘कानून’ म्हणतात. आपल्या बोलण्यातील कानून आणि हा शब्द मुळात एकच. पंधराव्या शतकातील लेक दुकाग्जिनी या सरदाराच्या नावाने तो ओळखला जातो. ग्येचोव नावाच्या एका पाद्र्याने तो गावोगाव हिंडून गोळा केला. १९२९ साली त्याचा खून झाला आणि १९३३ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. या कायद्यातील एक मूल्य फार मोठे आहे. त्याला ‘बेसा’ म्हणतात, दिलेला शब्द. दारी आलेल्या पाहुण्याचे रक्षण प्राण देऊनही करायचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ज्यूंची शिकार चालवली असताना अल्बानियातील लोकांनी आपल्या घरांत ज्यूंना लपवले. युरोपातील बहुतेक देशांत युद्धानंतर ज्यूंची संख्या घटली होती, येथे ती वाढली होती. परंपरेने माणूस वाचवला, त्याचे हे उदाहरण.

पण त्याच कायद्यात रक्ताचा बदला रक्ताने घेण्याची मुभा आहे. त्याच कायद्यात बाईला वारसा नाही, मत नाही. ती नवऱ्याच्या घरी राबण्यासाठी आहे. ज्या घरात पुरुष उरला नाही तेथे एखादी मुलगी आजन्म कुमारी राहण्याची शपथ घेऊन पुरुषाचे कपडे घाली आणि मगच तिला पुरुषाचे अधिकार मिळत. अधिकार हवे असतील तर बाईपण सोडावे लागे. आणि तेथेही बाहेर ठेवलेले लोक आहेत. रोमा आणि ‘येवग’ म्हटले जाणारे लोक लोहारकाम करत, लग्नात वाद्ये वाजवत. त्यांचे वादन लग्नात हवे. त्यांच्या घरी मुलगी द्यायची मात्र नाही. वाजंत्री पाहिजे, वाजवणारा नको, हे आपल्या गावात कोणाला समजावून सांगावे लागेल काय?

१९४४ नंतर तेथे एन्व्हर होजाचे साम्यवादी सरकार आले. त्याने कानून मोडून काढला आणि १९६७ साली सर्व धर्मांवरच बंदी घातली. वरून हुकूम सुटला आणि परंपरा संपल्या, असे वाटले. १९९१ च्या सुमारास ती राजवट कोसळली आणि डोंगरात खुनाचे बदले पुन्हा सुरू झाले. बदल्याच्या भीतीने कित्येक कुटुंबांतील पुरुष आणि मुले घराबाहेर पडेनात. मुलांच्या शाळा सुटल्या. हुकमाने दाबलेली परंपरा मेली नव्हती. ज्यांना ती सोडायची होती त्यांनी ती स्वतः विचार करून सोडलेली नव्हती.

१९५६ चे मोठेपण येथे कळते. नागपूरला कोणत्याही सरकारने हुकूम काढला नव्हता. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि माणसांनी त्या आपल्या तोंडाने उच्चारल्या. सोडणे हे त्यांचे स्वतःचे कृत्य होते. म्हणून सरकारे बदलली, सवलतींचे वाद झाले, केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना मिळायला १९९० पर्यंत थांबावे लागले, तरी लोक परत फिरले नाहीत.

अल्बानियाच्या डोंगरी बायका ‘जुब्लेता’ नावाचा घंटेच्या आकाराचा लोकरी पोशाख घालत. त्याचे कापड त्या स्वतः घरच्या मागावर विणून शिवत. २०२२ साली युनेस्कोने या कलेला तातडीने जपण्याच्या यादीत घेतले. चांगली गोष्ट आहे. पण ती विणणाऱ्या बाईला त्याच डोंगराच्या कायद्यात जागा नव्हती, हे पोशाखाच्या शेजारी लिहिले जाईल तेव्हाच तो वारसा पुरा होईल. वस्त्र काचेच्या पेटीत आणि विणणारी पेटीबाहेर, असे जतन म्हणजे दुसऱ्यांदा केलेला विसर होय.

(६)

हे सारे आजच का लिहायचे? कारण आज परंपरेला नवा भाव आला आहे. करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात अठरा पारंपरिक धंदे आहेत : सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, धोबी आणि असेच. कर्ज मिळते, हत्यारांसाठी पैसे मिळतात, प्रशिक्षण मिळते. गरीब कारागिराला मदत मिळू नये असे कोण म्हणेल? पण योजनेची भाषा कौटुंबिक, परंपरागत धंद्याची आहे. बापाने केले ते मुलाने करावे, याला गौरव म्हटले जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने याच मुद्द्यावर ही योजना आहे त्या रूपात राबवण्यास नकार दिला आणि कुटुंबाच्या धंद्याची अट नसलेली स्वतंत्र योजना आणली. महाराष्ट्रात, फुले-आंबेडकरांच्या भूमीत, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही, याची खंत वाटते.

माझ्या वर्गात कोष्ट्याचा मुलगा आहे, ढिवराची मुलगी आहे, बौद्ध मुले आहेत. माझ्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या नावाने आला. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी तो त्यांच्या नावाने येणार आहे. ढिवराच्या मुलीने तिच्या आईच्या मांडीवरचे घट्टे परंपरा म्हणून पुढे चालवावेत, असे मी म्हणू शकत नाही. तिला धागा काढण्याचे यंत्र बनवायचे असेल, कोशावर संशोधन करायचे असेल, किंवा कोशाचे नावही न घेता परिचारिका व्हायचे असेल, तर तिन्ही वाटा तिला खुल्या हव्यात. कौशल्य हा वारसा असू शकतो. सक्ती हा वारसा असू शकत नाही.

म्हणून कोणतीही परंपरा समोर आली की कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत. ती कोणाच्या श्रमाने उभी राहिली? तिचा दाम आणि नाव कोणाला मिळाले? आणि ती करणाऱ्याच्या मुलाला ती सोडण्याचे स्वातंत्र्य होते का? मालगुजारी तलावांना हे प्रश्न लावा : माती कोणी वाहिली, नाव कोणाचे लागले. कोशाला लावा. दंडारीतील वाद्यांना लावा. जी परंपरा या तीन प्रश्नांना टिकेल ती सांभाळा. जी टिकणार नाही तिची नोंद ठेवा, पण ती डोक्यावर घेऊन नाचू नका.

नोंद ठेवणे हे मात्र आपले काम आहे आणि ते तातडीचे आहे. सोडणे वेगळे आणि विसरणे वेगळे. आपण जे सोडले ते का सोडले, हे पुढच्या पिढीला कळले नाही तर उद्या कोणीतरी तेच जोखड ‘आपली संस्कृती’ म्हणून तिच्या गळ्यात घालील. मोहाडी, तुमसर, पवनी, साकोलीच्या वस्त्यांत अजून अशा म्हाताऱ्या बाया आहेत ज्यांनी लहानपणी सासऱ्याच्या किंवा बापाच्या मागासाठी कांड्या भरल्या. मागाच्या प्रत्येक लाकडाचे नाव त्यांना ठाऊक आहे. एक सूत तुटले तर ते कसे जोडायचे, व्यापारी सूत कसे मापून देई आणि कापड कसे मापून घेई, बाजारात कापड कोठे बसून विकावे लागे, हे त्यांना आठवते. त्यांचे शब्द झाडीबोलीत, जसेच्या तसे, लिहून घ्यावेत. कोष्ट्यांच्या म्हाताऱ्यांकडेही जावे. दोन्ही मागांचे शब्द शेजारी शेजारी मांडावेत. मला खात्री आहे, निम्म्याहून अधिक शब्द सारखेच निघतील. भाषेने जे एकत्र ठेवले ते जातीने वेगळे केले, हे सिद्ध करायला एवढी एक वही पुरेशी होईल.

येत्या उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या महाविद्यालयातील काही विद्यार्थी हे काम सुरू करीत आहेत. इतर तालुक्यांतील शिक्षकांनीही ते हाती घ्यावे. म्हाताऱ्या माणसांना वाट पाहायला वेळ नसतो.